चाचांची काच

आज टेबलाचा खण आवरताना नखाएवढी निळसर काच हाताला लागली आणि डोकं पुन्हा भणभणलं.

कॉलेजात असताना मला रात्रीच्या आकाशाचे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातले फोटो काढायचं वेड होतं. तो प्रकाश अडवणारी काच कॅमेऱ्यात असतेच. माझ्या कॅमेऱ्यातली मी मुद्दाम काढवून घेतली होती. पुढे बटण अडकलं म्हणून कॅमेरा उमरखेडच्या रफीक चाचांकडे दुरुस्तीला दिला. तो परत आला तेव्हा ढाणकीजवळच्या शेतात, लेन्सवर फक्त अवरक्त प्रकाश आत सोडणारा काळा फिल्टर लावून, अमावस्येची अख्खी रात्र कुडकुडत काढली. फोटो सगळे काळेठिक्कर.

सकाळी पहिल्या एसटीनं दुकान गाठलं. चाचा हसत म्हणाले, "बेटा, तुह्या कॅमेऱ्यातली काच कोणं तरी काढून घेतलती. मी माह्या कॅमेऱ्यातली घासून बसवून देल्ली."

"तुम्हाले कोणं सांगतलं होतं? न विचारता कायले हात लावला?" मी भर बाजारात ओरडलो. चाचांनी मान खाली घालून चिमट्यानं काच काढली, कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवली. घासून लहान झालेली ती काच आता त्यांच्या कॅमेऱ्यात बसणारच नव्हती. मी ती खिशात कोंबली.

महिन्याभरानं त्यांच्या पोरीचा निकाह झाला. फोटो चाचांनीच, आपल्या त्याच बिनकाचेच्या कॅमेऱ्यानं काढले. काळी शेरवानी लालसर, मांडवाची हिरवी पानं गुलाबी. लोक हसले. "कॅमेरा जुना झाला," चाचा म्हणाले. मला एक शब्द तरी बोलायचा होता त्या माणसानं!

रंग बिघडण्याचं खरं कारण मला ठाऊक होतं. तरी मीही हसलो होतो.