अक्का घाटा ढवळायला गेल्या तेव्हा

मार्चमधला पहिला रविवार, सकाळचे नऊ. जागा — देवपुरातल्या आमच्या गल्लीची बाग. हजर — अकराही घरांची माणसं, समोरच्या पंचाहत्तरीच्या सुमनअक्का, आणि सेक्रेटरी म्हणून मी. गैरहजर कोणी नाही.

पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आज बागेला सहा वर्षं झाली. काय सकाळ होती — चाफा फुललेला, पोरं झोपाळ्यावर, आणि अक्कांनी भाजून आणलेल्या बिबड्या, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, बघता बघता फस्त. "झाडंसनी हजेरी लिधी का वं, सेक्रेटरी?" अक्कांनी विचारलं. सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त.

पूर्वी याच मोकळ्या जागेत अक्का बिबड्या वाळत घालायच्या. बाग करायची तर इथलं वाळवण बंद करायला हवं होतं. अक्का अडणार, हे मला माहीत होतं. म्हणून — हो, म्हणूनच — मी सभा नेमकी त्यांच्या बिबड्यांच्या दिवशी ठेवली. त्यांच्या अंगणात चुलीवर घाटा, म्हणजे बिबड्यांचं ज्वारीचं पीठ, शिजत होता. तो ढवळायला त्या उठल्या, आणि मी विचारलं, कोणाची हरकत? कोणी बोललं नाही. वहीत लिहिलं — सर्वानुमते मंजूर.

त्या परत आल्यावर मी म्हणाले, "ठरलं, अक्का. तुम्हीही हरकत घेतली नाहीत."

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "बठ्ठासनं ठरनं शे ना? मंग मी काय बाहेरनी शे का?" सगळ्यांचं ठरलं, म्हणजे त्यांचंही ठरलं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात घाट्याचं जड पातेलं त्या जिन्याने गच्चीवर नेतात. बागेत वाळवण नाही, हा नियम एकदाही मोडलेला नाही.

ज्यांना विचारलंच नाही, त्यांचं गप्प राहणं होकार कसा? बाकावर सावलीला बसतात — म्हणजे मान्य केलं? पटलं नसतं तर घर विकून गेल्या असत्या, असंही मी मनाशी म्हणून पाहिलं. कुठे जातील? त्यांची सगळी माणसं याच गल्लीत.

बाग सुरेख झाली आहे. तिच्यात बसले की मला खरंच आनंद होतो. पण अक्का जो शब्द पाळतात, तो त्यांनी दिलेलाच नाही. तो मी लिहिला.

आजच्या यादीत सात कामं होती. तोटी बदलली, आळी केली, झोपाळ्याला तेल घातलं — सहांपुढे खूण आहे. सातवं : अक्कांना खरं सांगणे, आणि वाळवणाचं त्यांना विचारणे. अक्का अजून बाकावर आहेत, पोरांना चिडवताहेत. सातव्यापुढे खूण नाही.