सात लाल दोरे

आमच्या वाडीत चिकू झाडावर पिकू देत नाहीत. कडक असताना उतरवायचा आणि पेंढ्यात घालायचा. खाली पडलेला चिकू म्हणजे किडका नाहीतर वटवाघळाचा उष्टा. लग्न होऊन आल्यापासून मी हेच शिकले.

मुलाने मासवणच्या बाजूच्या नर्सरीतून पॅशन फ्रूटची वेल आणली. मी ती कुंपणावर चढवली. पलीकडे धाकट्या जावेचं घर. दीर गेल्यापासून ती एकटीच असते, म्हणून रोज दुपारी माझ्याकडून कालवणाची वाटी तिकडे जाते. ती वाटी रिकामी कधी परत येत नाही, काही ना काही घालूनच येते.

वेलीला फळं धरली. कडक, गुळगुळीत बघून तोडली आणि पेंढ्यात ठेवली. सरबत केलं तर दात आंबले. नवरा म्हणाला, "बोअरिंगच्या पाण्याचा गुण असेल." कारखान्यांच्या शेजाराला राहून आमचा पहिला संशय पाण्यावरच जातो. माझा मात्र भलतीकडेच होता. संध्याकाळी जांभळी दिसलेली फळं सकाळी नसायची, आणि तीही नेमकी जावेच्या बाजूची. वटवाघळाने खाल्ली असती तर सालं पडली असती. वर तिच्या स्वयंपाकघरातून गोड वास. माणसाने समजायचं काय?

सरळ विचारलं असतं तर जीभ झिजली असती का? पण नाही. मी सात फळांभोवती लाल दोरे बांधले. चार दिवसांत सातही गायब. त्या दुपारपासून मी वाटी बंद केली. नवऱ्याने विचारलं तर म्हटलं, "चोराला जेवू घालू का?"

आठ दिवसांनी तीच आली. हातात वाटी, त्यात काळ्या बियांचा पिवळा रस, वर जरासा गूळ. चाखला. असला गोडवा माझ्या सरबताला सात जन्मांत आला नसता.

"वयनी, हे तोडायचं नाय," ती म्हणाली. "पिकलं की आपसूक पडतं. मग सुरकुतेपर्यंत ठेवायचं. तुमच्या वेलीची फळं माझ्या अंगणात पडतात. तुमच्यासाठीच वेचून ठेवलेली."

मग तिने पदराची गाठ सोडली आणि सात लाल दोरे माझ्या हातावर ठेवले. "हे पण तुमचेच हायत. बघितले तवाच समजलं मला."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी वाटी घेऊन आत गेले, धुतली, बोंबलाचं कालवण भरलं. बाहेर आले तर ती नव्हती.

तिचं दार आतून लावलेलं होतं. वाटी उंबऱ्यावर ठेवून परत येता आलं असतं. मी ठेवली नाही. कालवण निवलं तरी तिथेच उभी राहिले, ती दार उघडेपर्यंत.