उत्तरार्ध वाईलाच राहू दे

बैलगाडी दारात उभी होती, माझी ओटी भरून झाली होती, आईचं रडून व्हायचं होतं, आणि अण्णा आपले देवघरात! वाठारची आगगाडी चुकणार म्हणून सगळे ओरडायला लागले, तेव्हा लाल कापडात बांधलेली कृष्णकथेची पोथी घेऊन ते बाहेर आले. गाडीच्या साटीवर ठेवून त्यांनी गाठ सोडली, मधोमध बोट घालून पानं वेगळी केली, वरची अर्धी माझ्या मांडीवर ठेवली आणि खालची स्वतःच्या उपरण्यात गुंडाळली.

"अहो, पोथी अर्धी कोणी करतं का? अवलक्षण ते!" आई म्हणाली.

"उरलेली वाचायला ती येईल. अर्धं राहिलं की माणूस परत येतं," अण्णा म्हणाले.

ठकू, तू तेव्हा परकरी होतीस. आईच्या पदराआडून माझ्या नव्या बांगड्यांकडे बघत होतीस, मला काही दिसलं नाही असं समजू नकोस. आता अण्णा गेले, उत्तरार्ध वाईतच तुझ्या घरी आला, आणि तू विचारतेस, "आक्का, देवासला पाठवून देऊ का? दोन्ही एका जागी बऱ्या." त्याचं उत्तर एका ओळीत देता येईना, म्हणून हे सगळं.

खांडव्याला गाडी बदलली आणि नर्मदा आली. डब्यातल्या बायाबापड्या एकदम उभ्या राहिल्या, "नर्मदे हर!" मीही उठले. कृष्णामाईच्या काठी वाढलेली मी, पण एवढं पाणी! पुराणात ऐकलेली नदी खरीच असते, हे मला त्या पुलावर कळलं. तोपर्यंत मला वाटायचं, पुराणातलं सगळं पुराणातच राहतं. इंदुरापासून पुढे आग्रा रोडवर टांगा, आणि मग डोंगरीवर दोन देवी, खाली दोन राजे असलेलं हे आपलं देवास. थोरली पाती, धाकटी पाती. रस्त्याच्या एका अंगाला एक राज्य, दुसऱ्या अंगाला दुसरं. मी मनात म्हटलं, आमची पोथीच अर्धी नाही, इथे गावही अर्धं अर्धं आहे.

इकडची स्वारी शाळेत मास्तर, शिवाय दरबारच्या नव्या पुस्तकालयाची किल्ली त्यांच्याकडे. सासूबाई कडक सोवळ्याच्या. गुडघे गेले होते, नजर मंदावली होती, म्हणून देवळातलं पुराणश्रवण सुटलं होतं. त्याचं त्यांना फार लागायचं. सून वाचते म्हटल्यावर आधी त्यांनी नाक मुरडलं, मग चातुर्मास लागताच स्वतःच चौरंग मांडला. दुपारी शेजारच्या माळवी बायकाही येऊन बसायच्या. मराठी त्यांना अर्धी कळे, उरलेली मी मोडक्यातोडक्या माळवीत सांगे, आणि माझी माळवी ऐकून त्या पोट धरून हसत.

रुक्मिणी गौरीपूजेला देवळाकडे निघाली, आणि माझी पानं संपली.

"आगे कंई हुयो, बई?" शेजारीण म्हणाली.

"ठाऊक नाही का तुम्हाला? कृष्ण येतो, रथात घालून नेतो."

"ठाऊक असलं म्हणून काय झालं?" सासूबाई कडाडल्या. "पोथीने सांगितल्याशिवाय ते घडत नाही. ती पोर तिथे वाटेत उभी आहे!"

वाईला जायचं त्या पावसाळ्यात तरी शक्य नव्हतं. सासूबाईंना धास्ती, श्रवण अर्धं टाकून डोळे मिटायचे की काय. तेवढ्यात पुस्तकालयात मुंबईहून पेटारे आले. मला बघायला नेलं होतं. काय सांगू गं! वेद, पुराणं, संतांचे अभंग, जुनी देवळं कोणी बांधली, लेण्यांत काय कोरलंय, सगळं छापून, शिवून, भिंतभर. आपले अण्णा एक पोथी नकलून काढायला किती पावसाळे घालवायचे! मी तोंडावर पदर धरून उभी राहिले. एवढं सगळं आपलं आहे, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता!

त्याच पेटाऱ्यांतून इकडून स्वतःसाठी आपली पोथी मागवली होती, छापील आणि सबंध. मोठ्या हौसेने चौरंगावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. सासूबाईंनी हात फिरवला.

"हे मऊ काय लागतंय रे?"

"बांधणी आहे, आई. कातड्याची."

अगं, काय गहजब झाला म्हणून सांगू! सासूबाई तशाच पुन्हा आंघोळीला. मास्तर विळीवर पुठ्ठा कापायला बसले, तोंड एवढंसं करून. शेवटी उघडी पानं सासूबाईंच्या जुन्या पीतांबराच्या तुकड्यात बांधली, तेव्हा कुठे रुक्मिणी पुढे सरकली.

आणि वाचताना बघते तो काय! ज्याने अण्णांना कधी पाहिलं नाही अशा कुणी परमुलखात छापखान्याचे खिळे जुळवले, आणि अण्णांच्या तोंडची ओवी अक्षर न अक्षर तीच! रुक्मिणी द्वारकेला पोचली. मला मात्र रडू फुटलं. वाईला जायचं कारणच मी वाचून संपवत होते.

समाप्तीला शेवटची ओवी झाली की पहिली पुन्हा वाचायची, मगच गाठ मारायची, ही रीत सासरीही आपल्यासारखीच. त्याशिवाय श्रवण पुरं होत नाही. मी पहिलं पान काढलं आणि पदराने डोळे पुसले. सासूबाईंनी हात पुढे करून पान झाकलं.

"ही ओवी इथे नको. वडिलांपुढे वाच."

"आणि तुमचं श्रवण?"

"राहू दे अर्धं. तूच सांगतेस ना, अर्धं राहिलं की माणूस परत येतं. तूही येशील."

कार्तिकात मला वाईला धाडलं. अण्णांना तेव्हा दिसत नव्हतं. त्यांचा उत्तरार्ध उघडून शेवटची ओवी वाचली, माझ्या गाठोड्यातला पूर्वार्ध काढून पहिली वाचली. ते नुसते मान डोलवत राहिले. देवासला परतले तर सासूबाई दारातच बसलेल्या. "आलीस? आता माझी वाच." पाय न धुता वाचली मी! सोवळ्याच्या सासूबाई, पण त्यांनीच चौरंग पुढे ओढला.

परवा धारला गेलो होतो. तिथे काळ्या शिळेवर अख्खं संस्कृत नाटक कोरलेलं दाखवलं, शेकडो वर्षांचं. मी म्हटलं, ही पोथी बांधायला कापड कुठलं पुरणार! इकडून सांगितलं, हा पूर्वार्धच आहे, उत्तरार्धाची शिळा कोणालाच सापडलेली नाही. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि अण्णांची फार आठवण आली. त्या शिळेला बिचारीला तुझ्यासारखं "पाठवून देऊ का?" विचारायलाही कोणी नाही.

आपल्या उत्तरार्धाचा पत्ता मला ठाऊक आहे, ठकू. तुझ्या देवघरात, डाव्या कोनाड्यात. पाठवू नकोस. टपालाने नको, कोणाच्या हातीही नको. या घरात आता सून आहे, नातवंडं माळवीत भांडतात, इथे माझी पहिली ओवी आहे. शेवटची तुझ्याकडे राहू दे. नाहीतर मी कशाला येईन?