आत्याने रांधलेली अळंबी

सोमवारी फोन शेजारच्या क्वार्टरमध्ये आला. आत्येभाऊ बाळू रडत होता. "आय गेली गो... काल झारावरची अलंबी खाल्ली, तीच भोवली. तू पन आलेलीस, तू नाय ना खाल्लीस?" सासूबाई मागेच उभ्या होत्या. आमच्या घरात अळंबीचं नाव काढलं तरी नाकं मुरडतात. मी म्हणाले, "नाही."

डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयविकार लिहिला. पण दाखला वाचतो कोण? बदलापूरच्या बाजारापासून अंबरनाथच्या आमच्या कॉलनीपर्यंत एकच चर्चा, "कुत्र्याची छत्री खाऊन म्हातारी गेली." जिने जन्मभर रानातलं ओळखून आणलं, शिजवलं, तिला ही माणसं अडाणी ठरवतात! आत्या फक्त बांधावरच्या वठलेल्या आंब्याची अळंबी काढायची. सहावीत असताना मी दुसऱ्याच एका झाडावरची हुबेहूब तशीच ओटीत भरून आणली, तर तिने ती उकिरड्यात पुरली आणि मला एक धपाटा घातला. "माना वलख हाय ती त्या आंब्याची. या झाराची नाय!" मग तिची स्वतःची अळंबी बोटांनी फाडून, खोबरं भाजून, वाटण लावून रस्सा केला. मटण झक मारेल असा. तसा हात पुन्हा कुणाचा लागला नाही.

बाराव्याच्या आदल्या दिवशी बाळूने आंबा तोडला. "पुन्ना कोनी मरायला नको," म्हणाला. मी तिथंच उभी होते. एका वाक्यात झाड वाचलं असतं, आत्याचं नावही... ते वाक्य माझ्याजवळ होतं, आणि मी पदर सावरत गप्प राहिले. लोकांचा राग येतो म्हणते, पण त्यांच्याहून जास्त राग मला माझाच येतो.

आत्याचा टोपही बाळूने परसात फेकला होता. बुडाला जळका मसाला तसाच. मी तो पिशवीत घालून घरी आणला, घासून ओट्यावर पालथा घातला.

"हा कुणाचा गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्याचा. त्या रविवारी अळंबी यातच शिजली होती."

त्यांनी हात मागे घेतला.

"मीही जेवले होते, आई. दोनदा वाढून घेतली, आणि राहिलेला रस्सा भाकरीने पुसून खाल्ला."

बाळू, तूही वाच हे.