काकांनी फॉर्मवर माझं नाव लिहिलं होतं

मंडळी, घाईघाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आमच्या शहरातल्या पडाव भागात माझ्या काकांचं घरपोच ऑक्सिजन सिलिंडरचं दुकान आहे. मी तिथे दोन प्रवासांच्या मधे टेकते, बस. मागच्या वेळी ऑनलाइन एक लेख वाचला होता: मुख्य माणूस अचानक नसला तर धंदा कसा चालू राहणार? सोबत फुकट फॉर्म होता. तो छापून काकांना दिला, "भरून टाका" म्हटलं आणि ओरछाला फिरायला पळाले.

आज सकाळी काका दुकानातच चक्कर येऊन पडले. शेजारचे त्यांना दवाखान्यात घेऊन गेले, तोच दुकानाचा फोन वाजला. आमच्या गिऱ्हाईक, दर्पण कॉलनीतल्या जोशीकाकू रडत होत्या. "अहो, ह्यांचा सिलिंडर खतम होतोय, जल्दी पाठवा ना!"

गोदामाला कुलूप. किल्ली कुठे असते, मला माहीतच नाही. तेवढ्यात भिंतीवर तो फॉर्म दिसला. 'मुख्य माणूस नसेल तर कोण?' प्रत्येक ओळीत माझंच नाव. किल्लीपुढे लिहिलेलं: "पोरगी आली की दाखवायची."

मी हातोड्याने कुलूप फोडलं. सीलबंद सिलिंडर ऑटोत टाकला. पोचले तेव्हा जोशीकाकांचे ओठ निळसर झाले होते. इतकी मी आयुष्यात घाबरले नव्हते. काकूंनी नळी जोडली, तेव्हा कुठे हळूहळू त्यांचा रंग परतला.

दवाखान्यात माझ्या काकांनी डोळे उघडून आधी हेच विचारलं, "जोशींना आज सिलिंडर द्यायचा होता. मिळाला त्यांना?"

"मिळाला."

"मग बस इथे, भटकभवानी. किल्ली कुठे असते ते सांगतो."

उद्याचं माझं तिकीट अजून खिशात आहे. तुमचं नाव कुणी असं न विचारता लिहून ठेवलंय का?