न उघडलेली कॉमिक्स

बालीगंज स्टेशनाबाहेर जुनी कॉमिक्स विकणारा तो माणूस प्रत्येक अंक आधी स्वतः वाचायचा. वाचताना खो खो हसायचा. गिऱ्हाईक आलं तरी म्हणायचा, "थांबा दादा, आधी हा राक्षस मरू दे." फाटका अंक असो की कोरा, दोन्ही आठ आण्यांना. "गोष्ट तर तीच ना!"

कोऱ्या अंकाला रुपया द्यायला सुरुवात केली ती मी. मला संग्रहासाठी स्वच्छ प्रती हव्या होत्या, आणि त्यात त्याचंही भलंच आहे असं वाटायचं. माझं बघून इतर संग्राहक आणखी जास्त देऊ लागले. त्याच्या फाटक्या छत्रीच्या जागी टपरी आली.

परवा गेलो तर सगळे अंक मेणकागदात बांधलेले, आणि तो नुसता रस्त्याकडे बघत बसलेला. मी एक उचलून विचारलं, "ह्यात राक्षस मरतो का?"

"कोण जाणे, दादा! उघडलं की भाव उतरतो. तुम्हीच तर शिकवलंत," तो म्हणाला आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिला.

मला हसता आलं नाही. अंक विकत घेतला, घरी येऊन कपाटात ठेवला. मीही तो उघडला नाही.