जवाब नसेल त्यानं हार घालावा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. रिक्षावाला माणूस मी. दिवसभर शहागंज ते पुंडलिकनगर करायचं, खड्ड्यात आपटायचं आणि वर मागच्या सीटवरच्या साहेबाचं ऐकायचं, की आपलं शहर कसं झपाट्यानं वाढतंय म्हणून. वाढतंय ना, कोण नाय म्हणतो? पण आमच्या पारूमावशीच्या दारात हे वाढलेलं शहर आलं, ते तिचा हापसा उपटायला आलं. तेव्हा जे माझं डोकं फिरलं, ते अजून जाग्यावर नाय.

पारूमावशी म्हणजे पारूबाई त्रिभुवन. मूळ वैजापूरकडची. बहात्तरच्या दुष्काळात आईबापासंगं खडी फोडायला निघाली, तेव्हा आठ-नऊ वर्षांची असंल. ती सांगायची, खडीवर बायका गायच्या ते काही करमणूक म्हणून नाय. गाणं थांबलं की हातोडा थांबतो, आणि हातोडा थांबला की मुकादम शिव्या देत येतो. तिचा गळा तिथं तयार झाला. पुढं लग्न होऊन शहरात, आमच्या संघमित्रानगर वस्तीत आली. नवरा लवकर गेला. पुंडलिकनगरात चार घरची धुणीभांडी करून तिनं पोरगी शिकवली, नर्स केली. आणि भीमजयंतीच्या दिवसांत ती स्टेजवर बसली, की भल्याभल्या गायन पार्ट्यांची बोबडी वळायची. मी तिच्या पार्टीत ढोलकी वाजवतो. नात्यानं ती माझी कोणी नाय, पण माझी आई गेली तेव्हा चूल तिनं पेटवली, म्हणून मावशी.

आमच्यातला मुकाबला काय असतो ते इथंच सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाय. दोन पार्ट्या एका स्टेजवर बसतात. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जवाब द्यायचा. सवाल टाकला की गाणारी गप्प बसते आणि नुसती ढोलकी चालू राहते. जवाब येईस्तोवर ढोलकी थांबत नाय, गाणारी उठत नाय. समोरच्याला जवाब सुचलाच नाही, तर त्यानं उठून सवाल टाकणाऱ्याच्या गळ्यात हार घालायचा आणि गुमान स्टेज सोडायचं. हार घातला म्हणजे हरलो. भांडण नाय, कटकट नाय. हा दस्तूर आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आता हापशाचं ऐका. लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची पाळी आली होती, ते साल. आमच्या वस्तीत नळ म्हणजे नुसता पाइप, त्यातनं हवा यायची. पण वस्तीच्या तोंडाशी मोकळं मैदान होतं आणि त्यात एक जुना हापसा. आजूबाजूचे बोअर फुसफुसून आटले, ह्याला मात्र पाणी. दहा दांडे मारले की धार. अख्खी वस्ती त्याच्यावर जगली.

मग नगररंग प्रतिष्ठान नावाची मंडळी आली. सगळी शिकली-सवरलेली, झब्बे घालणारी. अध्यक्ष मुकुंद वालूरकर, बँकेतून रिटायर झालेले, पुंडलिकनगरात बंगला. त्यांना शहराची कला वाढवायची होती. वाढवा ना बाबा. पण त्यासाठी त्यांना आमचंच मैदान सापडलं. कागद कुठं हलले, सही कोणी केली, आम्हाला कोण सांगतंय? एक दिवस कंपाउंड पडलं. आत स्टेज झालं, हिरवळ झाली, कारंजं झालं, आणि गेटवर नाव लागलं 'कलांगण'. हापसा उपटून बाजूला टाकला आणि त्याच बोअरमध्ये मोटार सोडली. बाहेरच्या भिंतीवर मुंबईच्या पोरांकडून चित्रं काढून घेतली. डोक्यावर घागर घेतलेली बाई, ही मोठी, दात दाखवून हसणारी. आमच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन तिच्या समोरून टँकरला धावायच्या. मी रोज ते बघायचो आणि माझ्या तोंडात शिवी यायची.

आणि आमच्या नशिबाचा खेळ बघा, ह्याच वालूरकरांच्या घरी पारूमावशी भांडी घासायची. बरीच वर्षं. माणूस वाईट होता का? मला विचाराल तर असल्या माणसांना वाईट म्हणायची पण सोय नसते. कधी आवाज चढवणार नाय. मावशीला 'अहो पारूबाई' म्हणणार. मावशीनं त्यांना हापशाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "काळजी करू नका, भिंतीच्या बाहेर तुमच्यासाठी एक नळ काढून देतो. माझा शब्द आहे." कोपराला गूळ लावून दिला. उन्हाळा चढला, तरी नळाचा पत्ता नाय.

मग आम्ही सगळं करून पाहिलं. महापालिकेत निवेदन दिलं. निवेदन घेतानाचा फोटो त्यांनीच काढला. मोर्चा नेला, तर म्हणाले हे मैदान आमच्याकडं नाही, प्रतिष्ठानाकडं जा. प्रतिष्ठानाकडं गेलो, तर म्हणाले पाणी हा विषय आमचा नाही, आम्ही कलावाले. बायका घागरी घेऊन गेटसमोर बसल्या, तर पोलिसांची गाडी आली आणि मावशीला एक पोरगा-शिपाई म्हणाला, "आजी, ऊन लागंल, घरी जा." घरी जाऊन काय प्यायचं, ते नाही सांगितलं त्यानं. मला तेव्हा कळलं, की ह्या लोकांना आपलं ऐकू येत नाय असं नाय. ऐकू येतं. पण आपण ओरडलो की गोंगाट, आणि गायलो की कला. मधलं काही त्यांच्या कानाला ठाऊकच नाय.

त्यात मे महिन्यात त्यांनी कलांगणाचा महोत्सव ठेवला आणि पारूमावशीच्या पार्टीला बोलावणं आलं. "आपल्याच परिसरातली लोककला" म्हणून. वस्तीत जाळ झाला. पेटीवाला कडुबा म्हणाला, "ज्यांनी पाणी तोडलं त्यांच्या दारात गायचं? थू असल्या गाण्यावर." मी पण तेच म्हणालो. मावशी सुपात तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "मोर्च्याला किती साहेब आले व्हते?" कोणीच नाय, मी म्हणालो. "मग? हितं समदे पहिल्या रांगेत बसणार हायेत. अन् माइक माझ्या हातात देणार हायेत." विषय संपला.

कार्यक्रमाच्या आधी वालूरकरांची पुतणी स्वरदा वस्तीत आली. स्टेजवरचं निवेदन ती करणार होती. म्हणाली, "मावशी, नऊवारी नेसा, नथ घाला, ओरिजिनल दिसलं पाहिजे. पांढरी नको, कॅमेऱ्यात उठत नाही." मावशी म्हणाली, "बाई, माझं ओरिजिनल पांढरंच हाय." आणि जयंतीला नेसते तीच पांढरी साडी नेसून आली, निळ्या काठाची.

समोर सोफे मांडले होते, त्यावर पाव्हणे. मधोमध वालूरकर आणि शेजारी त्यांच्या बायको दमयंतीबाई. वस्तीतल्या लोकांना मागं दोरी बांधून उभं केलेलं. आणि बाजूला कारंजं चालू, लाल-निळे दिवे लावून. काय सांगू, त्या पाण्याचा आवाज ऐकून मागं उभ्या असलेल्या बायकांच्या घशाचं काय झालं असंल. मावशीनं वंदना घेतली, एक स्वागताचं गाणं म्हटलं. लोकांनी टाळ्या दिल्या. मग तिनं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली आणि थेट वालूरकरांकडं हात करून सवाल टाकला:

हापसा व्हता दारी माझ्या, कोणं उपटून नेला?
कारंजाच्या तोंडी, साहेब, कोणाचा घोट गेला?
भिंतीवरची बाई हसती, तिची घागर भरलेली,
जित्या बाईची घागर सांगा, कामून कोरडी पडलेली?

आणि बसली गप्प. मी ढोलकी धरून ठेवली. मागं वस्तीला एका क्षणात उमगलं. दोरीमागून टाळी सुरू झाली, ढोलकीच्या ठेक्यावर, एकसारखी. कडुबानं पेटीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. स्वरदा माइक घेऊन पुढं आली, मागं गेली, परत पुढं आली. पाव्हणे एकमेकांकडं बघून हसायला लागले. टाळी काही थांबंना. माझे हात भरून आले, पण थांबणार कोण?

आणि मग वालूरकर उठले. तोंडभर हसत स्टेजवर चढले. टेबलावर पाव्हण्यांसाठी आणलेला भलामोठा हार होता, तो उचलला आणि पारूमावशीच्या गळ्यात घातला.

वस्ती जी काय ओरडली म्हणता. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. म्हाताऱ्या माणसांनी टोप्या उडवल्या. वालूरकरांना वाटलं, हे आपलं कौतुक. त्यांनी चारी बाजूंना हात जोडले. मावशीनं मला हळूच म्हटलं, "थांबव ढोलकी. जवाब नाय त्यांच्याकडं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वस्तीत बाकी कुठं नव्हतं, तिथं होतं. दस्तुराप्रमाणं आता त्यांनी खाली उतरायचं. पण ते माइकसमोर उभे राहिले आणि जिवंत लोककला, विद्रोहाचा सूर, मातीचा गंध असलं काहीबाही वीस मिनिटं बोलले. शेवटी सगळे सोफे उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पेपरात फोटो आला, 'लोककलावंताचा गौरव'. मी तो पेपर फाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बायका घागरी घेऊन कलांगणाच्या गेटावर गेल्या. भांडायला नाय. जिंकलेलं घ्यायला. वॉचमनला काही कळंना, त्यानं फोन लावला. वालूरकर गाडी घेऊन आले. मावशी पुढं झाली. म्हणाली, "साहेब, काल तुम्ही दोन हजार माणसांपुढं हार घातला. जवाब नाय म्हणून. आता आमचं पाणी सोडा."

त्यांना आधी समजलंच नाय. मी दस्तूर समजावून सांगितला. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "अहो पारूबाई, तो कार्यक्रम होता. कला कलेच्या जागी आणि व्यवहार व्यवहाराच्या जागी."

मावशी म्हणाली, "मी गाण्यात खोटं बोलत नसते."

बायका आत शिरल्या आणि कारंजाच्या हौदातून घागरी भरायला लागल्या. वालूरकरांनी काय केलं असंल? मोटारीच्या खोलीत जाऊन बटण बंद केलं, कुलूप घातलं, चावी खिशात टाकली. तो अख्खा उन्हाळा कारंजं बंद राहिलं. हिरवळ जळून पिवळी झाली. आम्हाला मिळू नये म्हणून त्या माणसानं स्वतःचं सगळं वाळू दिलं, पण चावी नाय काढली. दुष्काळ पाऊस नाय म्हणून पडतो म्हणतात. मी डोळ्यांनी बघितलाय, तो चावीनं पडतो. त्याच आठवड्यात दमयंतीबाईंनी मावशीला सांगितलं, "उद्यापासून येऊ नका, यांचं बीपी वाढलंय."

पुढं पाऊस बरा झाला. कारंजं परत उडायला लागलं, आम्ही परत टँकरला. मावशी तीन घरची भांडी घासू लागली आणि दर सोमवारी कडुबाला घेऊन महापालिकेच्या साहेबांच्या दारात बसू लागली, हापशासाठी. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये वालूरकर स्वतः वस्तीत आले. पहिल्यांदा. मी तिथंच होतो, रिक्षा पुसत. मावशीनं खुर्ची टाकली. ते म्हणाले, "पारूबाई, झालं गेलं विसरू. यंदा पुण्याचे पाव्हणे येणार आहेत. तो गेल्या वर्षीचा सवाल-जवाब परत करा. लोकांना फार आवडला."

मावशी आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. दारी आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, ते काय कोणाला शिकवावं लागतं? वालूरकर म्हणाले, "नको नको, गाडीत बाटली आहे." टँकरचं म्हणून नको म्हणाले की आमच्या हातचं म्हणून, ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझी मूठ वळली, खरं सांगतो.

मावशीनं ते पाणी जमिनीवर नाय टाकलं. आत जाऊन घागरीत परत ओतलं, झाकण ठेवलं आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

"साहेब," ती म्हणाली, "हरलेल्या पार्टीसंगं आमच्यात परत मुकाबला लावत नायत. तुम्ही आधी स्टेज सोडा."